रिकामं धरावं

एकोणीस वर्षं मी व्यापारी संघाचं इतिवृत्त लिहितेय.
हजर किती, सूचक कोण, अनुमोदन कोणाचं,
कॉफीचे पैसे कोणी दिले.
भांडणं लिहायची नसतात. 'चर्चा झाली' लिहायचं.

त्या मंगळवारी बरीच चर्चा झाली.

हमरस्त्यावरचं ते मोठं दुकान,
ज्याच्या पार्किंगमध्ये आमची अख्खी मेन स्ट्रीट
चर्चसकट उभी राहील,
त्याचं म्हणणं असं :
कर बसवताना आम्हाला रिकामं धरा.
दिवे विझलेले, फळ्या उचकटलेल्या, दाराला कुलूप.
तसं विकायला काढलं तर जे येईल
तेवढीच आमची किंमत.
आणि न्यायाधिकरणानं तसं धरलं.
गावानं तीन वर्षांचा कर परत केला.
तेव्हापासून वाचनालय बुधवारी बंद,
आणि बर्फ काढणारी गाडी आमच्या गल्लीत
दुपारी उगवते.

आता लान्सिंगला विधेयक आलं होतं :
चालू दुकान चालू म्हणूनच मोजा.
दीड पान.
संघानं पाठिंबा द्यायचा का?

व्हर्न ट्रेवॅरो म्हणाला, द्यायचा.
(त्याचं हार्डवेअरचं. खिळे अजून तोलून देतो.)
ओडेट पेलेटिएनं पिठाचा हात वर केला.
खजिनदारानं वहीवर बोट ठेवलं :
वर्गणीतला तिसरा हिस्सा कोण भरतं?
चार जुलैच्या मिरवणुकीला सॉसेज कोण पाठवतं?
सगळ्यांनी डॅरेलकडे पाहिलं.
डॅरेल तिथला मॅनेजर, आमच्याच शाळेतला,
हॉकीत गोल राखायचा.
तो कपात बघत राहिला.

नऊ विरुद्ध नऊ.
मी लिहिलं : संघ तटस्थ आहे.

लेम्पी साल्मेलाला मत नव्हतं.
तिचं लोकरीचं दुकान शनिवारी बंद झालं,
ती फक्त खुर्च्या आवरायला थांबली होती.
तिचं खरंच रिकामं आहे.
त्याला रिकामं धरा म्हणून
कोणी वकील लावलेला नाही.

व्हर्न म्हणाला, मग मी माझा जातो.
त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून गाडी मी चालवली.
मॅकिनॉच्या पुलावर वारा असा की
दोघंही बोलायचे थांबलो,
ते पूल संपल्यावरही थोडा वेळ.

सुनावणीत प्रत्येकाला दोन मिनिटं.
आधी तीन वकील, आलेखांसह.
व्हर्ननं खिशातला कागद उलगडला, डोळ्यांशी नेला,
परत घडी घातली.
म्हणाला : माझ्या पायरीपासून ते दुकान दोन मैलांवर.
रात्री त्याच्या उजेडात मला
हातातलं नाणं ओळखू येतं. हे डोळे असून.
रिकाम्या जागेत एवढे दिवे
कोण लावून ठेवतं, तेवढं कळलं तर बरं.

कोणीतरी हसलं.
अध्यक्ष म्हणाले, आभार, तुमची चाळीस सेकंदं उरली आहेत.
व्हर्न तीही उभा राहिला.

विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं,
हे आम्हाला परतीच्या वाटेवर, पेट्रोल भरताना कळलं.
व्हर्ननं विचारलं, सँडविचला मोहरी आहे का.

गावाच्या अलीकडे चिखलबर्फ सुरू झाला.
काच धुवायचं पाणी संपलं.
रात्री अकराला या काठावर
एकच दार उघडं असतं.
मी व्हर्नकडे पाहिलं. तो म्हणाला,
काच दिसत नाही तर काय, तत्त्वावर चालवशील?

आत डॅरेल स्वतः मिठाच्या गोण्या रचत होता.
कसं झालं, त्यानं विचारलं.
चर्चा झाली, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली, निळी बाटली काउंटरपर्यंत आणून दिली,
आणि दारापर्यंत व्हर्नचा कोपर धरला,
फरशी ओली होती.

पावतीवर दुकानाचं नाव, पत्ता,
तारीख, वेळ : अकरा वाजून सात मिनिटं.
खाली : आल्याबद्दल धन्यवाद.

ती मी इतिवृत्ताच्या फायलीत लावली आहे.
संघ तटस्थ आहे,
पण टाचणी माझी.