किल्ली कोणाकडे

तांबट आळीत दुपारी
दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत बोलून घ्यावं लागतं.
फोन गिरजाबाईंच्या हातात दिला
आणि गप्प बसले.
चाचणीत मदत करायची नसते.

पहिल्याच पडद्यावर बारा शब्द :
ओंजळ, कंदील, पडवळ, शिडी...
त्यांनी मोठ्यानं वाचले.
"वाण्याची यादी दिसतेय. पण शिडी कशाला?"

मी वहीत टिपलं : यादी वाटली.

मग अंगठा वर-खाली फिरत राहिला,
हंड्याला पोचा कुठं आलाय ते चाचपावं तसा.
"बारीक अक्षरात असतं ना, विसरलात का म्हणून,
ते कुठंय?"

ते नव्हतंच.
शब्द गेले की गटाचा हिशेब गेला,
अकरा बायकांचे वाटे गेले.
आम्ही वर ठळक लिहिलं होतं :
मालक फक्त तुम्ही.

"हापिस कुठं यांचं?"
हापिस नाही.
"मग साहेब?"
साहेब नाही. सगळ्यांकडेच थोडं थोडं असतं.
त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.
"मग भांडायचं कुणाशी?"

हे वहीत लिहायला रकाना नव्हता.

चहा पिताना मी सहज विचारलं,
गटाची पेटी कोण सांभाळतं?
"तीन कुलपं हायेत. तीन घरांत तीन किल्ल्या.
मागं अनसूया बाळंतपणाला सिन्नरला गेली,
तर जाताना जावेकडं देऊन गेली.
शब्दबिब्द कशाला लागतात?"

रात्री निनादला फोन केला.
तो म्हणाला, तीन राखणदार, दोघं पुरतील,
जमेल, पण मग ते तितकं शुद्ध राहणार नाही.
मी म्हटलं, आत आंबट ठेवायचं
तर तांब्यालाही कल्हई लागते.
तो हसला नाही. पंधरा दिवस मागून घेतले.

आता पहिल्या पडद्यावर एकच ओळ :
तुमची किल्ली कोणाकडे ठेवता?

गिरजाबाईंनी दोन नावं धडाधड घातली.
समोरची रखमा. भद्रकालीतली मावसबहीण.
तिसऱ्या चौकटीपाशी अंगठा थांबला.
वर बघून म्हणाल्या,
"हितं तुझं घालू?"

दिराचा हातोडा चालूच होता.
नाही म्हणायचं होतं मला,
नियमात बसत नव्हतं,
आणि नाही म्हटलं तर
त्यांनी भांडायचं कुणाशी.