घट

तीस वर्षं मी गूळ तोलतो, शाहू मार्केट यार्डात.
रवा काट्यावर, आकडा वहीत,
आणि कमी भरला तर शेवटचा रकाना: घट.
घटीला कारण लागतं.
ओल उडाली, उंदरानं कुरतडलं, पोत्याला भोक पडलं,
काहीही चालतं.
बिनकारणाची घट मगदूम अण्णा लिहू देत नाहीत.

दसऱ्याला मी एकोणनव्वद होतो.
डॉक्टरांनी साखरेचा कागद पुढं सरकवला
आणि गुळाचं नाव न घेता म्हणाले, बंद.
तेव्हापासून पहाटे रंकाळा.
संध्यामठापासून निघायचं,
शालिनी पॅलेस मागं टाकायचा,
कुत्र्यांना ओळख द्यायची, परत यायचं.
होळीला दोन गाड्यांच्या मधल्या वेळात
गुळाच्याच काट्यावर चढलो: अठ्ठ्याहत्तर.

अकरा किलो.
दहाची एक ढेप आणि वर किलोभर.
एवढा माल माझ्या अंगातनं गेला
आणि गेटपास नाही, पावती नाही.

दस्तगीर म्हणाला, घामातनं गेली, दुसरं काय.
बायको म्हणाली, कुठनं जाणार? सकाळचं जातंय तिथनं.
नायकवडी टेलरनं प्यांट कमरेत चार इंच आत घेतली,
पण कापड कापलं नाही.
दुमडून ठेवलंय म्हणाला, परत लागंल.
त्याचा माणसांवर फार विश्वास नाही.

जळाली, असंही कुणी म्हणालं.
पण जळण मला माहीत आहे.
गुऱ्हाळावर चिपाडं जळतात
तर चुलवाणाच्या तोंडाशी राख साचते, ती भरावी लागते.
माझी राख कुठाय?

भाची अकरावीला केमिस्ट्री शिकवते.
वैजयंता तिचं नाव, बोलते कमी.
काटापावतीच्या पाठीवर तिनं गणित मांडलं.
सव्वानऊ किलो श्वासातनं गेली, मामा.
पावणेदोनचं पाणी झालं.
बेरीज बरोबर येत होती.
मी दोनदा केली.

म्हणजे नाकातनं.
थंडीत तोंडापुढं जी वाफ दिसायची
तिच्याबरोबर, न दिसता, तोळा-तोळा.
आणि नुसतं चालतानाच नाही म्हणाली ती,
झोपेत पण. बसल्या जागी पण.
सौद्यात बोली ओरडताना,
दस्तगीरच्या पोरीच्या लग्नात फुगे फुगवताना,
देवापुढची समई फुंकर मारून विझवू नये हे विसरलो तेव्हा.
पुण्याहून पोराचा फोन येतो रविवारी.
तिकडं तो गप्प, इकडं मी गप्प,
कानाला नुसता एकमेकांचा श्वास.
त्यातही गेली असणार थोडी. त्याची गेली का, विचारलं नाही.

मग जाते कुठं, मी विचारलं.
पेन खाली ठेवून ती म्हणाली,
झाडं घेतात की. ऊस तर लई घेतो.

त्या दिवसापासनं चिखलीच्या बाजूचा ऊस
मला जरा वेगळा दिसतो.
वाऱ्यावर पातं हलतं
ते काही मागितल्यासारखं हलतं.
उगाच आहे हे, मला कळतं.
माझे सव्वानऊ किलो पंचगंगेवरनं
कुठल्या कुठं गेले असतील,
कर्नाटकात, समुद्रावर, कुणाच्या तरी बाभळीत.
हवेला शिवार कुठलं आणि सातबारा कुठला.

तरी आज चिखलीची गाडी आली.
अडत्यानं सुरीनं रव्याची कपरी काढली,
पिवळी, अजून किंचित कोमट,
आणि सवयीनं माझ्यापुढं धरली.
घेतली. तोंडाशी नेली.
वास घेतला नुसता, आत, लांब,
आणि दस्तगीरच्या हातावर ठेवली.

रवा काट्यावर चढवला.
दहाला चाळीस ग्रॅम कमी.
कारण? अण्णा वहीतनं मान वर न काढता म्हणाले.
ओल उडाली, मी म्हणालो.
आणि एवढ्या दोन शब्दांत
काहीतरी गेलंच माझं.