पाचवा वाटा

मंगळवारी दहा ते एक, बंदरावरच्या वाचनालयात
मुलांच्या कोपऱ्यामागे एक टेबल माझं असतं.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली,
आता म्हाताऱ्यांना विम्याचे कागद वाचून दाखवते, फुकट.
ॲश्टाब्युलात नुसतं डोलोरेस म्हटलं तरी भागतं.

आर्व्हो लाह्तिनेन आला तो काखेत बुटांचं खोकं धरून.
गोदीवर चाळीस वर्षं चुनखडीचे ढीग हलवलेला माणूस,
खुर्चीच्या कडेवर टेकला, उधार आणल्यासारखा.
'मला काही झालेलं नाही,' म्हणाला
माझ्या ओठांकडे बघत. डावा कान गेलाय, उजवा कामचलाऊ.

मग मी मोठ्यानं.
डॉक्टरच्या बिलाचे चार वाटे मेडिकेअर भरतं.
पाचवा तुझा.
'पाचवा म्हणजे किती?'
तेच तर कुणी सांगत नाही, आर्व्हो.
शंभराचा पाचवा वीस.
लाखाचा पाचवा म्हणजे तुझी बोट, बोटीचं इंजिन,
आणि ती ओढून आणतोस तो ट्रकसुद्धा.
त्याला वरून झाकण नाही. उतू गेलं की जातच राहतं.
त्या पाचव्यासाठी हा दुसरा विमा. पूरक.
साध्या भाषेत ठिगळ,
फक्त हे कापड फाटायच्या आधी शिवून ठेवायचं.

त्यांना नावं नाहीत, अक्षरं आहेत. ए, बी, डी, जी, एन.
जी म्हणजे जीच, ह्या कंपनीचा घे नाहीतर त्या.
एकाच टाकीतलं डिझेल, पंपावरचे आकडे तेवढे वेगळे.
आणि मुदत सहा महिने.
पासष्टी भरून बी भाग सुरू झाला की तिथून सहा.
तोवर कुणी विचारत नाही
छातीत कळ येते का, साखर किती, रात्री किती वेळा उठता.
सातव्यात विचारू शकतात.
सगळं ऐकून घेतात आणि नाही म्हणतात, फार गोड आवाजात.

'ठाऊक आहे,' तो म्हणाला. खोकं पुढे सरकवलं.

खोक्यात एइला होती.
त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची मुदत कधी गेली
दोघांनाही कळलं नाही. तेव्हा ती ऑक्टोबरातसुद्धा
सरोवरात पोहायची, कोण कशाला विचार करतंय.
पुढच्या वर्षी गाठ. मग वरातीमागून घोडं:
चार कंपन्यांची चार पत्रं, चारही सभ्य.
केमोच्या सोळा फेऱ्या, प्रत्येकीचा पाचवा.
तो महिन्याला चाळीस डॉलर भरतो.
पावत्या पिनेनं टोचलेल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून.
मार्चमध्ये तिला पुरलं.
पाकिटं अजून तिच्याच नावानं येतात,
फोडायच्या आधी तो दोन्ही बाजूंनी बघतो.

तळाशी एक फॉर्म, अर्धा भरलेला.
नाव आर्व्होचं, अक्षर तिचं,
ओळ सोडून खाली घसरत गेलेलं.
जी भोवती गोल.
समासात पेन्सिलीनं: तीस सप्टेंबर. आणि त्याखाली:
हा विसरेल.

त्या दिवशी एकोणीस तारीख होती.

मी तीन ठिकाणी फोन लावले. एकीनं महिन्याला
एकशे नव्वद सांगितले, दुसरीनं दोनशे बारा,
तिसरीनं नुसतंच संगीत ऐकवलं.
बाहेर भोंगा झाला, पूल वर गेला, बोटींना वाट द्यायला.
त्यानं सही केली, हळू,
शेवटचं अक्षर कागदाबाहेर टेबलावर उमटलं.

'ह्यात दात?'
नाही.
'चष्मा?'
नाही.
'कानाचं यंत्र?'
नाही.
'काय?'
नाही!
मुलांच्या कोपऱ्यात एकदम चिडीचूप.
तो हसला की खोकला, मला नक्की सांगता येणार नाही.

खोकं परत काखेत गेलं. फॉर्मची प्रत मात्र
त्यानं खोक्यात टाकली नाही,
शर्टाच्या आत सरकवली, बटण लावलं.
खिडकीतून दिसत होतं, पूल अजून वरच.
तो ट्रकमध्ये जाऊन बसला,
इंजिन न लावता.