किलोपास्कल

उजवा हात डोक्याखाली घे, म्हणते आयली,
आणि बरगड्यांमधल्या फटीत गार जेल लावते.
मग यंत्र टकटक करतं.
दहा वेळा, हळू. शेजारीण करते तशी,
आत कोणी आहे हे ठाऊक असूनही.

डंडीत मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
खिडकीतून टे नदी दिसते, पत्र्याच्या रंगाची.

शाळेत याला यकृत म्हणायचे.
आकृती काढून नावे द्या, पाच गुण.
घरी मात्र काळीज.
मटणवाल्याकडे काळीज,
आणि जे भितं, तुटतं, लेकरासाठी जळतं
तेही काळीजच.
दोन अवयवांना एकच शब्द पुरायचा आम्हाला.

सप्टेंबरात आयली म्हणाली होती, एकवीस पूर्णांक चार.
म्हणजे कडकपणा.
निरोगी असलं तर पाचाच्या आसपास.
मी हसले. ती दचकली.
तिला कसं सांगू, माझी मुलगी
दार लावून घेताना हेच म्हणाली होती,
दगडाचं काळीज आहे तुझं,
यंत्राशिवाय.

बाटल्या मी तांदळाच्या डब्यात लपवायचे.
सोमवारी पहाटे चार स्टॉप लांब चालत जाऊन
परक्या गल्लीतल्या काचेच्या टाकीत सोडायचे,
एकेक, हलक्या हातानं.
तरी आवाज व्हायचाच.
मिसेस पेट्री एकदा म्हणाल्या,
तुमच्याकडे पाहुणे फार, बाई.

आज दोनशे तीन दिवस.
पहिले नऊ घामाचे, त्यांच्याबद्दल नको.
नंतर चव आली, आधी मिठाची.
मग एका रात्री डब्यात हात घातला
तर नुसता तांदूळ लागला.
तशीच उभी राहिले, कोपरापर्यंत आत.

पोटात काय चाललंय मला कळत नाही.
बिघडतानाही ते बोललं नव्हतं.
रुसलेल्या थोरल्या सुनेसारखं
कोणाशी न बोलता कामाला लागलंय.

अकरा पूर्णांक दोन, म्हणते आयली.
व्रण राहतील थोडे, हेही सांगते.
गोड बोलत नाही, म्हणून आवडते ती मला.

जेल पुसायला निळा कागद देते.
मी म्हणते, आकडा लिहून दे ना कुठेतरी.

बसमध्ये तीन वेळा लिहिते, खोडते.
शेवटी मुलीला त्या चिठ्ठीचा फोटो पाठवते,
खाली दोनच शब्द:
मऊ होतंय.

दोन निळ्या खुणा उमटतात.
मी एक स्टॉप आधीच उतरते,
दूध संपलंय.