बारा आणे

पहाटे साडेतीन. असल्फ्याच्या चढावर
रवळू घाडी रस्त्यातलं झाकण उचलतात,
लांब लोखंडी चावी खाली सोडतात
आणि तिच्या दांड्याला कान लावतात.
मी वही उघडते. जर.

आई म्हणायची, जर-तरच्या गोष्टी नकोत.
आता मला त्याचाच पगार मिळतो.

जर काटा दोनच्या खाली,
तर वरच्या गल्लीला अकरा फेरे.
जर काल पाणी आलंच नसेल,
तर आधी हवा जाऊ द्यायची, मग फेरे.
हवा गेली हे कसं कळतं, काका?
खोकतो.
कोण?
पाईप.
मी लिहिते : जर पाईप खोकला. खोडते.
लिहिते : जर आवाज तुटक.

मार्चअखेर ते निवृत्त होणार.
तोवर त्यांचा उजवा कान
माझ्या दोनशे ओळींत उतरवायचा आहे.
डावा ऐंशी सालीच गेला, पंपहाऊसमध्ये.

प्रत्येक नियमापुढे खात्रीचा रकाना.
शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे नक्की.
किती खात्री, काका?
बारा आणे.
मी ०.७५ भरते.
आणि हा?
सोळा आणे.
हा?
हा कर्णिकसाहेबांचा ना? चार आणे धर,
शून्य दिलंस तर वाईट वाटेल त्यांना.

एकोणचाळीस नियम झाले, आणि
सात नंबरच्या गल्लीला त्यांनी
दीड फेरा जास्त दिला.
मी काटा पाहिला, वार पाहिला,
मागची पानं बोट लावून पाहिली.
काहीच लागू होईना.
हा दीड कशाचा, काका?
चावी वर ओढत म्हणाले,
खाली नाक्यावर बांबू उतरवलेत, बघितले नाहीस?
आंघोळ घालायची असेल कुणाला.

जर नाक्यावर बांबू.
जर कुणाच्या घरी.
बांबू ओळखणारा सेन्सर नाही आमच्याकडे,
आणि मांडवालाही बांबूच लागतात.
तसं म्हणाले मी. लग्नाचे निघाले तर?
तर काय, चावी खांद्यावर टाकत ते म्हणाले,
लग्नाला पाणी लागत नाही होय?

खात्री विचारायची राहिली.
रकाना मोकळा ठेवला तर यंत्र नियम घेत नाही.
चाळिसावा अजून वहीतच आहे, पेन्सिलीत,
‘तर’च्या पुढे नुसतं दीड.

आम्ही उतरायला लागलो तेव्हा
वर कुठल्याशा कळशीत पाणी पडू लागलं होतं,
आधी खोकत, मग सलग.