हरवल्याची नोंद

दिल्लीहून पाकीट आलं ते चौदा महिन्यांनी.
तोवर माझे तीन अर्ज झाले होते,
एकावर तिकीट कमी, एकावर मामाचं नाव चुकलेलं,
हसकेलचा हरकेल.
आत पाच कागद. कार्बन कॉपीची झेरॉक्स,
तिचीही झेरॉक्स असावी,
अक्षरं साखर संपल्यावर मुंग्या पांगाव्यात तशी.

चरईतल्या घरात मामा भिंतीवर होता,
खाकी टोपी, एक हात विमानाच्या पंख्यावर,
बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.
आई पाहुण्यांना सांगायची,
ब्रह्मदेशावर यानं बाँब टाकले.
दर सांगण्यात एक बाँब वाढायचा.
मामा तेव्हा आतल्या खोलीत
कुणाची तरी छत्री दुरुस्त करत बसलेला असे.
खोडून काढत नसे.

कागद म्हणतो:
आवसकर हसकेल बिन्यामीन, वय एकोणीस.
जात ज्यू, पुढे कुणीतरी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं.
उंची पाच फूट तीन. उजव्या भुवईवर व्रण.
हुद्दा एअरक्राफ्ट्समन.
काम, फॅब्रिक वर्कर.

विमानात कसलं आलंय कापड?

कोलशेतला एअर फोर्सच्या फाटकावर
बंदूकवाल्या पोरानं मला सावलीत उभं राहायला सांगितलं,
तेवढंच त्याच्या हातात होतं.
शेवटी ढोकाळीला, चौथा मजला, लिफ्ट बंद,
निवृत्त वॉरंट ऑफिसर गोठोस्कर भेटले.
त्यांनी आधी चष्मा पुसला, मग चहा घेतला, मग कागद.
म्हणाले, बाई, तेव्हाची विमानं निम्मी कापडाचीच.
शेपटाकडचा भाग लिननचा, ताणून शिवलेला,
वर डोप म्हणून रोगण असायचं,
वाळलं की टिचकी मारा, ढोलकं.
गोळ्या आरपार जायच्या. सकाळी भोकं मोजायची,
ठिगळं कापायची, कडा दातेरी, म्हणजे दोरे सुटत नाहीत.
आणि आतून काही लागलेलं असलं
तर तेही यांनीच आधी पुसायचं.
हे ते कपाकडे बघत बोलले.

मग उठता उठता,
त्या रोगणाला वास यायचा बरं का, पिकल्या केळ्यांचा.

केळी.
समोर कुणी केळं सोललं की मामा उठून गॅलरीत जायचा.
मलिद्याच्या ताटातली केळी
आई त्याच्यापुरती आधीच बाजूला काढायची,
म्हणायची, नवसाचंसुद्धा चालत नाही, काय सोंग!
चाळीस वर्षं ते सोंग.
आणि आमच्या मच्छरदाणीला,
माझ्या दप्तराला, बाबांच्या पावसाळी टोपीला
दातेरी कडांची ठिगळं.
मला वाटायचं नक्षी आहे.

अश्दोदहून एलियाझर व्हिडिओवर विचारतो,
मग उडाला की नाही? पोरांना शाळेत सांगायचंय.
मी म्हटलं, आवाज तुटतोय रे.

पाचवा कागद मी तेव्हा नीट वाचला नव्हता.
इंफाळ, जून चव्वेचाळीस.
सरकारी मालमत्ता गहाळ: सुई, वाकडी, नग एक.
दोन दिवसांचा पगार कापण्यात आला.
खाली सही, कुणाची ते लागत नाही.
माणसं मरत होती
आणि तंबूत बसून कुणीतरी हे लिहिलं, तारीखवार.

आईच्या बिस्किटांच्या डब्यात, बटणांच्या तळाशी,
चंद्रकोरीसारखी एक सुई असायची.
गाद्या शिवायला ती हीच काढायची,
कुठून आली हे कुणी विचारलं नाही.
डबा आता माझ्याकडे आहे.
सुई आहे. तेलकट चिंधीत गुंडाळलेली,
गंज नाही. टोक अजून बोटाला लागतं.

पत्राच्या तळाशी बारीक छापलंय,
नोंदींत तफावत आढळल्यास तीस दिवसांत कळवावे.
आज एकोणतिसावा.