दीड बोट

गोकुळपेठेतल्या गार दुकानात
मी डबा फिरवून फिरवून वाचते.
राजमा : प्रथिनं सात, तंतू सहा,
मीठ जास्त, पण धुतला की पुष्कळ जातं म्हणे.
सोयाचं पेय : प्रथिनं जवळपास तेवढीच,
तंतू नावाला,
साखर मात्र न मागता.

राजमाच जिंकला असता, धनराज.
शाळेत तू मूठभर फुटाणे
एकदम तोंडात टाकायचास.

खर्ऱ्याच्या पन्न्या सुटल्या आता,
तोंड दीड बोट उघडतं.
हे कुठल्या लेबलावर लिहीत नाहीत.

सहा खोके घेते, बिनसाखरेचे.
डबाही एक. मिक्सर आहे घरी.
काउंटरवरच्या पोराला विचारते,
स्ट्रॉ कुठं आहेत, बारीकवाल्या?

तो बोलत नाही.
गाल भरलेला.
बोट दाखवतो.